तमादाचा हात

तेलावीत दारू सोडायची
म्हणजे स्वतःच्या अंगणाशी वैर धरायचं.
इथे जमिनीखाली रांजण पुरलेले,
माणसाएवढे, मानेपर्यंत मातीत,
आणि पाहुणा फाटकाशी आला
की आधी रांजणाचं झाकण उघडतं, मग यजमानाचं तोंड.

मी नुगझार. तीस वर्षं तमादा.
म्हणजे पंगतीच्या टोकाला बसणारा,
प्याला उचलून बोलणारा.
मी बोलून थांबलो की बाकीच्यांनी प्यायचं.
या खोऱ्यातली लग्नं लावली पाद्र्याने,
पाजली मी.
मेलेल्यांबद्दल असा बोलायचो
की विधवा डोळे पुसता पुसता थबकायच्या :
असा होता होय आमचा माणूस?

पहिल्यांदा हात कापला नातीच्या बाप्तिस्म्याला.
त्याला थंडीचं कारण मिळालं.
दुसऱ्यांदा मंगळवार होता, सकाळचे सात,
गोठ्यात मी एकटा,
आणि प्याला उंचावून
गाईच्या आयुष्यासाठी बोलत होतो.
गाय ऐकून घेत होती.

औषधाच्या दुकानातली लियाना
एक शब्द बोलली नाही.
पित्ताच्या गोळ्यांच्या पावतीमागे काहीतरी खरडलं,
घडी घातली,
सुट्ट्या पैशांबरोबर माझ्या तळव्यावर ठेवली.
संगीतशाळा. मागचं दार. गुरुवार, सात.
दोन महिने तो कागद कोटाच्या खिशात.
घामाने आकडा फिकट होत चालला
आणि मी वाट पाहत होतो,
पुरता पुसला की सुटलो.

पुसला नाही.
तीन गुरुवार मी शाळेला प्रदक्षिणा घातल्या,
देवळालाही कधी घातल्या नाहीत इतक्या,
आणि घरी आलो.
चौथ्या गुरुवारी बूट चिखलात रुतला.
मी तो उपसत असताना आतून बाईचा आवाज :
नुगझार, दार उघडंच आहे.
तुझ्या फेऱ्या मोजून आम्ही दमलो.

आठ खुर्च्या. सूर गेलेला पियानो,
त्यावर किटली, वाटीत अक्रोड.
हाक मारली ती मझिया, माझे दोन दात तिनेच काढलेले.
गाडीवाला एल्गुजा,
ज्याची गाडी दर गुरुवारी इथे उभी दिसते
आणि गाव म्हणतं, बाई ठेवलीय.
एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
सारखा नखं खाणारा.
आणि कोपऱ्यात ओतिया.
नको नको म्हणत असताना
ज्याला मी भर पंगतीत शिंगभर पाजली होती,
मर्द आहेस ना, म्हणून.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पियानोकडे.

बोलायचं असेल तर बोल, मझिया म्हणाली.

तीस वर्षांचं तोंड,
आणि आत कोरडं ठाक.
उजवा हात मात्र सवयीने वर गेला,
छातीएवढा,
बोटं गोल वळलेली,
मध्ये काहीच नाही.
तिथेच अडकला तो, हवा धरून,
थरथरत.

कुणी हसलं नाही.
तो पोरगाही नखं खायचा थांबला.
ओतिया उठला. किटली कलंडवली.
त्या वळलेल्या बोटांत
त्याने चहाचा पेला बसवला, काठोकाठ.
चटका बसला.
मी सोडला नाही.
म्हणालो, मी नुगझार.
पुढचं आलंच नाही. तेवढ्यात एल्गुजाच्या गाडीची वेळ झाली.

घरी त्सिआला वाट पाहत होती.
कुठे होतात?
संगीतशाळेत.
या वयात? आणि काय शिकलात?
नाव सांगायला.
ती बराच वेळ माझ्या बुटांवरचा चिखल बघत राहिली.

ऑक्टोबर आहे. अंगणाखाली रस उकळतोय,
रात्री सगळं शांत झालं की ऐकू येतो,
झोपलेल्या लेकरासारखा पुटपुटत.
रविवारी शेजारी लग्न.
टोकाची खुर्ची माझ्यासाठी ठेवलीय, असा निरोप आलाय.
मी अजून नाही म्हणालो नाही.
हो म्हणालो नाही.
गुरुवार त्याच्यानंतर चार दिवसांनी येतो.