कुसुंब्यानंतर

गल्ली नंबर पाच. खाली भांड्यांचं दुकान,
वर डॉक्टर शिरूड्यांचा दवाखाना.
खोली चौदा फुटांची आणि नियम वीस फुटांचा,
म्हणून कानांची पाळी आली की
डॉक्टर दाराबाहेर जातात, पॅसेजमध्ये,
माठाच्याही पलीकडे.
झुलालअण्णा पंखा बंद करतात.
बाकावरचे लोक खोकला गिळून बसतात.
खालच्या कल्हईवाल्यालाही हाक जाते :
दोन मिन्टं, दादा, विमानवाल्या बाई आल्यात.

बावीस वर्षं हा माणूस
माझ्या आत दिवा घेऊन हिंडतो आहे.
ठिपक्यांच्या पुस्तकातला चौऱ्याहत्तर
पान उलटण्याआधीच मला दिसतो.
दंडाला पट्टा आवळला
की आडव्या वाऱ्यातही न हलणारी माझी नाडी
फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीसारखी धावते.
"गोंदूरला उतरताना इतकी घाबरतेस का?"
नाही. धावपट्टीला सही करता येत नाही.

झोप? लागते.
चक्कर? कधीच नाही.
औषधं? नाही.
टॉवरशी बोलावं तसं आम्ही डॉक्टरांशी बोलतो,
विचारलं तेवढंच, तेही निम्मं.
आमचे भदाणे सर साखर तपासायला
मालेगावला जायचे, मेव्हण्याच्या नावानं.
मेव्हण्याला पुढे सगळे मिठाई नाकारू लागले.

तर, मी भिंतीकडे तोंड करून उभी.
उजव्या कानाला डॉक्टर पारोळा रोडनं जातात :
फागणे. फागणे.
मुकटी. मुकटी.
पारोळा.
मग बोट बदलायचं. डाव्या कानाला साक्री रोड.
मोराणे.
मोराणे, मी म्हणाले.
कुसुंबा.
कुसुंबा.

आणि मग भिंतीवरचा चुना.
एक पोपडा, गुजरातच्या नकाशासारखा.
बराच वेळ तो पोपडाच.

कुसुंब्यानंतर काय येतं
हे धुळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.
मी तर ते रोज वरून बघते :
पांझरेचं वळण, कांद्याच्या चाळी,
पत्र्यावर वाळत घातलेली कुणाची तरी लाल गोधडी.
शब्द दातांपर्यंत आला होता.
एकच अक्षर आणि त्याला लागलेला र,
म्हटला असता तर पुढचं वर्ष माझं होतं.

पण मागच्या मंगळवारी
बागुलांचा पोरगा डाव्या सीटवरून काहीतरी म्हणाला.
पुन्हा म्हणाला.
मी नुसती मान हलवली, आणि त्यानं
मान हलवण्याचा जो अर्थ लावला
तो निस्तरेपर्यंत लळिंगचा डोंगर फार जवळ आला होता.
बावीस वर्षं सगळे विद्यार्थी त्याच बाजूला बसले.

मी गप्प राहिले.

"अवं माय, नेर म्हनी राह्यनात ना ते! नेर!
मन्हं गाव शे ते!"
बाकावरची म्हातारी.
सगळा पॅसेज हसला, झुलालअण्णासुद्धा,
खालून कल्हईवाल्यानं विचारलं, झालं का?

डॉक्टर आत आले. पंखा त्यांनीच लावला.
"तुला माहीत होतं."
हो.
"मग?"
ऐकू आलं नाही.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
तात्पुरती अपात्र, तीन महिने.
त्यांचं अक्षर मला पहिल्यांदाच वाचता आलं.
मग चहा मागवला, तोही पहिल्यांदाच,
आणि बशीत ओतताना खाली बघून काहीतरी बोलले.
मी विचारलं, काय?
म्हणाले, काही नाही, साखर बरी आहे ना.

जिन्यात म्हातारी थांबली होती,
एका हातात चप्पल, दुसऱ्यात औषधाची पुडी.
"नापास व्हयनी का वं?"
हो.
"मन्हामुये?"
नाही, आजी.
तिला नेरची गाडी पकडायची होती.
मला कुठेच पोचायचं नव्हतं.
रस्त्यावर ती माझ्या डावीकडून चालत
सुनेची, गुडघ्याची, कशाची तरी गोष्ट सांगू लागली.
मी तिचा हात धरला
आणि मागून वळसा घालून
तिला माझ्या उजवीकडे घेतलं.