पथ्य

उमोजातल्या पाचमजली इमारतीच्या गच्चीवर,
वाळत घातलेल्या चादरींच्या मधल्या जागेत
मी सकाळी साडेसहाला योग शिकवतो.
आधी मटाटू चालवायचो, चौदा वर्षं;
पाठ कामातून गेली, तेव्हा जमिनीवर आलो.

येईल त्याला मी पहिल्यांदा विचारतो:
काल रात्री काय खाल्लंस?
भाजलेलं बोकड हाणून आलेला ओचोला
पुढे वाकला की कोळशासकट कबूल करतो.

न्याबोके मात्र मोजूनमापून खायची.
मूठभर उगाली, वाफवलेली सुकुमा,
कांदा नाही, आणि कामावर बसली की
सकाळपर्यंत नुसतं पाणी.
थेट कामावरूनच यायची,
गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून.
तरी श्वास तिच्या बरगडीखाली अडकायचा,
उंबऱ्याला ठेच लागावी तसा.
शवासनात सगळे विरघळायचे,
हिच्या पापण्या झाकणासारख्या थडथडायच्या.

मी शहाणपणाने म्हणालो, डाळ कमी कर.
तिने डाळ सोडली.
म्हणालो, चहा.
तिने चहाही सोडला.
सोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा
चादरीच्या चिमट्याशी चाळा करत म्हणाली,
म्वालिमू, तुम्ही ताटातलंच विचारता.

रात्री नऊ ते पहाटे पाच. सातशे व्हिडिओ.
तुमच्या फोनवर जे कधीच येत नाही
ते येत नाही, कारण आधी मी खाते.
एकेका घासाला चाळीस सेकंद.
थुंकायची सोय नाही.
कुठल्या खान्यात टाकायचा तेवढं बटण दाबायचं,
की पुढचा.
डोळे मिटले की पंगत बसते.

मी गप्प.
चौदा वर्षं आरशात मागचं बघत गाडी हाकली,
वाटायचं, बघणं म्हणजे काय ते मला कळतं.
सोड ती नोकरी, हे ओठांवर आलं होतं,
गिळलं.
तिच्या धाकट्या भावाची फी
मी भरणार नव्हतो.

परतताना, ती म्हणाली,
न्यायो चौकातल्या बाभळींवर
मराबू बसलेले असतात, टकले, खांदे पाडलेले,
गावाचं सडकं खाऊन.
बसमधल्या पोरी त्यांना हात करतात:
आमच्याच पाळीतले!
आणि हसली.
त्या हसण्यात पहिल्यांदाच
तिचा श्वास बेंबीपर्यंत गेला.

आता शवासनात न्याबोके डोळे उघडे ठेवते.
पुस्तकात तसं नाही. नसू दे.
समोरच्या गच्चीवर काळी टाकी, तिला एक गळती;
थेंब फुगतो, लोंबतो,
जरा विचार करतो, पडतो.
दहा मिनिटं ती तेवढंच जेवते.
कधी पचतं.
कधी मधेच उठून कठड्याशी जाते,
पाठमोरी उभी राहते,
आणि मी बाकीच्यांना म्हणतो, श्वास सोडा.

काल तिने कागदात बांधून मंदाझी आणल्या.
कागद तेलाने आरपार दिसणारा.
माझ्या कुठल्याच नियमात हे बसत नाही.
वर्गाआधी, चादरींच्या आडोशाला,
आम्ही एकेक खाल्ली, चटके बसत.
मी काही विचारलं नाही.
बोट चाटत तीच म्हणाली,
वेलची जास्त झालीय.