जमाई

लाकूड नाही हे, लाकडाचा फोटो.
दर सातव्या फळीवर तीच गाठ,
गाठीशेजारी तोच डाग, भुवईसारखा.
हसमुखभाईंनी उकिडवं बसून
फळीत फळी अडकवली, टक, टक,
आणि जाताना बोट वर करून बजावलं,
"बेन, पाणी नाखता नहीं."

माझा तर जन्म गेला पाणी ओतण्यात.
दांडिया बाजारच्या खोलीत कोट्याची फरशी होती;
बादली उपडी करायची, खराट्यानं लोटायची,
पाणी मोरीपर्यंत पळायचं, मागोमाग मी.
स्वच्छ म्हणजे ओलं, एवढंच ठाऊक.
गोत्रीला, या चौथ्या मजल्यावर,
स्वच्छ म्हणजे कोरडं.

पहिला महिना नुसत्या रेघांचा.
फिनेल घातलं, रेघा.
साबण घातला, रेघा, वर पाय चिकटतो.
रेवाबेनचं पोतं निथळत यायचं,
ती म्हणायची, सुकेल ना, मासी.
सुकायचं.
दुपारी चारला गॅलरीतून ऊन आडवं आलं
की जमीन सगळं सांगून टाकायची:
कुठून सुरुवात केली, मधेच कुठे फोन आला,
कुठे फडकं मळलं होतं तरी तसंच पुढे रेटलं.

मग शिकले. त्या उन्हाकडूनच.
आधी मऊ कुंचा. कोपऱ्यातले केस, टोस्टचा चुरा,
सोफ्याखालची, कुणाचीच नसलेली धूळ.
फडकं यांच्या जुन्या गंजीफ्रॉकचं.
पिळायचं, परत पिळायचं,
मनगट कुरकुरेपर्यंत,
आणि गालाला लावून पाहायचं:
गार लागलं पाहिजे, ओलं नाही.
फळीच्या लांबीनं जायचं,
खिडकीकडून दाराकडे, मागे मागे सरकत,
आपलाच पाय आपल्या कामावर पडू न देता.
दोन फळ्या झाल्या की घडी पालटायची.
मागून लगेच कोरडा कपडा.
पाणी असं द्यायचं
की जमिनीला पत्ता लागू नये.

रेवाबेन कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"आ जमीन छे के जमाई?"
तेव्हापासून तेच नाव.
जमाईंना पुसलं का? जमाईंवर चहा सांडला!
खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावल्या,
तर म्हणाली, जमाईंना मोजेसुद्धा?

नवरात्रात, आठव्या रात्री,
साडेबाराला उर्वी आली गरब्याहून.
चपला हातात, चणियाचोळीच्या आरशांत जिन्याचा दिवा,
तळव्यांना अख्खं मैदान चिकटलेलं.
थांब, पाय पुसून ये, म्हणायच्या आत
तिनं माझा हात ओढला,
"आई, एकच फेरा,"
दोन ताळ्या, एक गिरकी,
आणि तिच्या टाचेखालचा खडा बोलला.
बारीक आवाज. काच कापताना होतो तसा.
मी ऐकला. थांबले नाही.
तिसरी ताळी चुकली माझी, एवढंच.

सकाळी पाहिलं:
टीव्हीसमोरच्या फळीवर, गाठीपासून भुवईपर्यंत,
अर्धाच राहिलेला गोल.
लाकूड असतं तर तासून काढला असता.
फोटोला कसं तासणार?
हसमुखभाई फोनवर म्हणाले, मेणाचा खडू मिळतो,
याच रंगाचा, भरून टाका, शोधूनही सापडणार नाही.
आणला. चाळीस रुपये.
ड्रॉवरमध्ये आहे, रबरबँड आणि संपलेल्या सेलांबरोबर.

दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं टाकलंय आता,
आत अजून एक, सुती.
उर्वीला बजावून ठेवलंय, पुढच्या वर्षी
पाय झटकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.
ती हो म्हणते, तिच्या पद्धतीनं, मोबाइलमध्ये बघत.

चारचं ऊन येतं. रेघ एक नाही.
एकसारख्या गाठींच्या गर्दीत
ती एक मला चष्म्याशिवाय ओळखू येते.

रेवाबेनचा हात तिथे आला की जरा हळू होतो.
"जमाईने वाग्युं छे," म्हणते,
आणि फडकं पुन्हा एकदा पिळते.