छंद : पोहणे

दारव्ह्याच्या बस स्टँडमागे, अंकुशच्या दुकानात
आसपासच्या साऱ्या गावांचे बायोडाटे
एकाच फाईलीतून निघतात.
मूळ फाईल विलास ढोकणेची.
तो बुटीबोरीला लागला, म्हणून ती शुभ.
नाव बदलायचं, फोटो बदलायचा,
खाली सगळ्यांचा छंद : पोहणे.

माझाही होता. तीन वर्षं, एकवीस अर्ज,
आणि मी नाल्यातही कधी
गुडघ्याच्या वर गेले नाही.

काल म्हटलं, अंकुश, हे खोड.
"मंग काय टाकू वं ताई? रिकामं बरं नाई दिसत."

जिनिंगच्या काट्यावर चार हंगाम पावत्या लिहिल्या मी.
मुठीत कापूस दाबला की ओल सांगते,
मीटर मागाहून तेच बोलतो.
गाडीवाला भांडायला आला
की आधी पाणी देते, मग आकडा.

टाइप करता करता तो थांबला.
"हे कोन्त्या रकान्यात बसते?"

तेवढ्यात लाइन गेली. इन्व्हर्टर कुरकुरला.
आम्ही दोघं त्या रकान्याचं नाव शोधत बसलो,
आणि मागून, रांगेतून कोणी बोललं,
"माह्यंबी पोहणं काढजो, भाऊ."