केमियार्वीहून आल्यावर

लोक विचारतात, कसं होतं?
ह्यांचं उत्तर ठरलेलं: उणे एकतीस.
आकडा सांगून झाला की विषय संपतो,
चहा येतो, कुणीतरी म्हणतं
निफाडलाही परवा चारवर आलं होतं,
द्राक्षांत रात्रभर शेकोट्या.

कुंदाताई सांगते पापण्या चिकटल्याचं.
भास्करराव सांगतात, तिथे मोटारींना वायर लावून ठेवतात,
गोठ्यात म्हशी बांधाव्यात तशा, ओळीनं.
मी सांगते त्या म्हातारीचं,
जी लाकडी घसरगाडीवर एक पाय ठेवून
दुसऱ्यानं रस्ता मागे ढकलत
दुकानापाशी आली, बटाटे घेतले, गेली.
कुणाशी एक शब्द नाही.
एवढ्यात आमच्या कॉलेज रोडला
तीन घरांची खबर कळली असती.

ऊन नव्हतंच.
दुपारी बाराला आभाळ
निळीतून काढलेल्या धोतरासारखं व्हायचं, थोडा वेळ,
मग कुणीतरी घडी घालून ठेवून द्यायचं.
दारात सगळे बूट काढतात, हे मात्र आपल्यासारखं.
तेवढ्यावर मला ते गाव अर्धं घरचं वाटलं.

तळ्यावरून चालत गेलो.
पाण्यावरून, असं मी मनात तीनदा म्हटलं.
खालून एकदा आवाज आला,
जाड, लांबवर फाटत गेलेला.
हे म्हणाले, परत फिरू.
मंजिरी म्हणाली, काही नाही बाबा,
बर्फ अंग ताणतोय.

विनूदादा बर्फाच्या कारखान्यात होता, द्वारकेजवळ,
बावीस वर्षं.
लाद्यांवरचा भुसा झटकून झटकून
बोटांची पेरं पांढरी पडलेली.
मे महिन्यात आम्ही फडकं घेऊन दारात उभ्या,
तो तुकडा टाकायचा आणि ओरडायचा,
बघत काय बसलात,
विरघळायच्या आत घरी पळा.

नाताळच्या आदल्या दिवशी, तीन वाजता,
म्हणजे पार अंधारात,
सगळं गाव स्मशानात.
बर्फात खळगे करून प्रत्येक थडग्याशी मेणबत्ती,
रडणं नाही, बोलणं नाही,
लहान मुलांची नाकं तेवढी लाल.
कोपऱ्यात एक दगड, त्यावर कुणाचंच नाव नाही.
मंजिरीनं वाचून दाखवलं:
दुसरीकडे पुरलेल्यांसाठी.
ज्यांची माणसं इथे नाहीत
ती इथे दिवा लावतात.

मी विचारलं, पुरलेलीच असावी लागतात का गं?
तिला ठाऊक नव्हतं.
शेजारच्या बाईनं माझ्याकडे न बघता
पिशवीतली एक मेणबत्ती माझ्या हातात दिली.
काडी चार वेळा विझली.
हे वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले,
काही न बोलता, त्या गावासारखेच.

काल बुधवार. भाजीच्या निमित्तानं
रामकुंडाकडून वळसा घेतला.
पाण्यावर धुकं होतं.
कुठून तरी लांबून आलेलं एक कुटुंब,
मडक्याला लाल कापड,
मुलगा पायरीवर बूट काढायला विसरलेला,
मग बावरून एकेक लेस सोडत बसला.
विनूदादालाही इथेच सोडलं होतं.
तेव्हा पाणी कोमट होतं, एवढंच आठवतं.

परतताना जिन्यात देवरेबाई भेटल्या.
मेथी छान मिळाली का, म्हणाल्या,
आणि हो, कसं होतं हो तिकडे?
म्हटलं, थंड.
फार थंड.
जाल तेव्हा मोजे मात्र लोकरीचे न्या.