शब्दशः

दर बुधवारी, सहा ते नऊ,
घुब्र्यातल्या एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही अकरा जण
मुलांशी कसं बोलू नये ते शिकतो.

लिजामोल सिस्टर बरकाहून येते, नाइट ड्यूटीच्या आधी.
डॉक्टर मुझम्मिल खार्तूममध्ये बालरोगतज्ज्ञ होते,
इथे पुन्हा विद्यार्थी; वहीला खाकी कव्हर घालतात.
मी शाळेतली समुपदेशक. वय सेहेचाळीस.
लेकीच्या दप्तरापेक्षा माझं जड.

खेळाच्या खोलीत वाळूचा ट्रे आहे.
वाळू परदेशातून मागवलेली, धुऊन, चाळून,
पिशवीवर किंमत.
या देशात!
पहिल्या दिवशी सगळे हसलो, मग पावतीवर सही केली.

माझ्या वाट्याला आलेला मुलगा नऊ वर्षांचा.
नाव बदललं आहे, समजा मुहन्नद.
नोव्हेंबरपासून शाळेत एक अक्षर नाही.
येतो, चपला काढतो,
आणि बाहुलीघरातला प्लॅस्टिकचा फ्रिज वाळूत पुरतो.
दर वेळी फ्रिजच.

फॉर्मवर चौकटी आहेत: माघार, विरोध, उदासी, इतर.
मी वर्गात म्हटलं, मॅडम, तो रुसलाय.
म्हणजे काय, ते इंग्रजीत सांगायला दहा मिनिटं गेली.
की हा राग नव्हे. की रुसणं एकट्याला जमत नाही,
दाराबाहेर कुणीतरी घुटमळावं लागतं,
नाहीतर ते नुसतं उपाशी राहणं.
डॉक्टर बुथैना चष्मा काढून म्हणाल्या, झअलान.
मुझम्मिलनी मान डोलावली, झअलान.
लिजामोल म्हणाली, आमच्यात पिणक्कम्.
मग आम्ही सगळ्यांनी 'इतर'वर खूण केली.

गृहपाठाचं नाव शब्दशः.
सत्राचं मुद्रण ऐकायचं आणि उतरवायचं, जसंच्या तसं.
हुंकार, खोकला, एसीची घरघर,
आणि कंसात शांतता, सेकंदांसकट.
रात्री साडेबारा. लेकीच्या खोलीचं दार बंद.
कानात मुहन्नदचा श्वास, नाक चोंदलेलं.
(शांतता, चार सेकंद.)
(शांतता, सात.)
(शांतता, अकरा.)

सत्याऐंशी साली बाबा मत्रा बंदरात क्रेनवर होते.
पत्रं आईची. आमच्यासाठी कॅसेट:
एक बाजू त्यांची, दुसरी आमची,
वेळणेश्वरच्या ओटीवर भरायची,
आणि गावचं कुणी निघालं की त्याच्या बॅगेत.
शिमग्याला येतो म्हणून ते आले नव्हते.
आईने लाल बटण दाबलं.
बोल गं. टेप फिरतेय. बाबा ऐकतायत.
मी आठ वर्षांची, ओठ आत ओढून.
बोल ना. सेल जातायत.

मागच्या साली त्यांची ट्रंक उघडली.
पासपोर्ट दोन, कातरी, कुमा टोपी कुणीतरी दिलेली,
आणि ती कॅसेट. लेबलवर त्यांचं अक्षर:
बाजू ब. छबी बोलली नाही. आहे.
कॅसेटी महाग होत्या तेव्हा.
ती त्यांनी पुन्हा भरली नव्हती.

बुथैनाबाईंनी काल तिथेच थांबवलं मुद्रण.
अकरा सेकंदांनंतर तू बोललीस. का?
तो अवघडला होता.
कोण?
खोलीत पंधरा-वीस सेकंद कुणीच काही म्हणालं नाही.
ते मात्र कुणी उतरवलं नाही.

आता लिहितेय. बारावा सेकंद,
माझा आवाज, जरा चढा, बालवाडीतल्या बाईसारखा:
'फ्रिजचा रंग छान आहे हं.'
वाचूनही लाज वाटते.
याचे गुण जातील.
खोडत नाही.
शब्दशः म्हणजे शब्दशः.