तीनशे चाळीस

दस्तगीरमामूंनी मोबाईलकडे पाहिलं
ॲल्युमिनियमच्या डब्याकडे पाहतात तसं:
असेल चांगला,
पण त्याला कल्हई लागत नाही.

शनिवार पेठेच्या तोंडाशी आमचा भाता,
कोळशाचं पोतं, नवसागराची बरणी,
आणि दिवसाकाठी एखादं पातेलं.
तेही ओळखीतलं.
मी म्हटलं, तुम्ही फक्त काम करा,
बघणारी माणसं मी आणते.

प्रज्योत मोबाईलवाला म्हणाला,
पहिल्या तीन सेकंदांत काय ते दाखव ताई,
नाहीतर अंगठा पुढे सरकतो.
आणि चालतं गाणं लाव एखादं.
लावलं.
मामूंनी ऐकलं आणि विचारलं,
लग्न कुणाचं आहे?

मग गाणं काढून टाकलं.
उरला भात्याचा दम,
नवसागराचा पांढरा फुसकारा, मामूंचा खोकला
(तो कापायचा राहून गेला),
कथलाची कांडी टेकते ना टेकते
तोच कापसाच्या बोळ्याचा एक गरका,
आणि काळ्याठिक्कर पातेल्याच्या पोटात
एकदम उजाडलेलं.

अकरा लाख साठ हजार.
फजरला उठलेल्या मामूंना मी आकडा दाखवला.
अकरा लाख काय?
माणसं, मामू. बघितलं त्यांनी.
पेरू देशातल्या एकानं बदाम पाठवलेत सात.
मामूंनी चहात पाव बुडवला.
भांडी किती येतील त्याची?

त्या आठवड्यात आली तीन.
त्यातलं एक शेजारच्या हसीनाआपांचं,
उधारीवर.

मी रुसले. कुणावर, ते ठरेना.
अकरा लाख लोक आमच्या दारावरून गेले होते
आणि एकाच्याही हातात पिशवी नव्हती.
पेरूत पितळेची पातेली असतात का,
हेही मी शोधून पाहिलं.

नंतरचा व्हिडिओ साधाच.
मामू पायात चप्पल नाही, मागे म्हैस.
मीच बोलले, घरात बोलते तसं:
रविवारी सकाळी आम्ही पुसेसावळीत,
बाजाराच्या अलीकडं, चिंचेखाली.
माळ्यावर पितळेचं काही असेल तर काढा.
आमटी हिरवी पडत असेल तर नक्कीच काढा.
पातेल्याचा दर हा, तांब्याचा हा,
पिंपाचं बघून सांगू.
नंबर दोनदा सांगितला, हळू,
लिहून घेणाऱ्या बाईला वेळ मिळावा म्हणून.

तीनशे चाळीस.
अंगठ्यानं खाली ओढून ओढून पाहिलं,
तीनशे चाळीसच.

रविवारी चिंचेखाली एकोणीस भांडी.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, काही धुळीसकट,
आणि प्रत्येकावर टाकीनं ठोकलेलं नाव:
चि. सौ. कां. इंदुमती हिस मामाकडून.
कै. रामराव यांचे स्मरणार्थ.
एकावर नुसतं गाव, औंध, आणि साल पुसलेलं.
एक बाई म्हणाली,
व्हिडिओ काढ, पण नावाची बाजू नको दाखवू,
सासूबाईंचं आहे, त्यांना विचारलं नाही.
मग हसली. विचारणार कुठं आता.
मी ती बाजू दाखवली नाही.

अकरा लाखांचा व्हिडिओ अजून वर लावून ठेवलाय.
खोटं कशाला बोलू, रात्री उघडून बघते.
त्यात उजाडतं ते खरंच सुंदर दिसतं.
पण सकाळी आधी तीनशे चाळीस उघडते,
आता चारशे बारा झालेत ते,
आणि त्यात कुणी काय विचारलंय ते
मोठ्यानं वाचते, भाता चालू असताना.

मामू वर बघत नाहीत.
फक्त पातेलं फडक्यानं पुसून झालं
की तोंड जरा उन्हाकडे करतात,
माझ्या हाताच्या बाजूला,
आणि तसंच धरून ठेवतात,
लागेल त्याहून थोडा जास्त वेळ.

काल रहिमतपूरहून विचारलंय कुणी:
घंगाळ गळतंय, डागही देता का?
मी वाचलं. भाता थांबला.
लिही, देतो म्हणावं.
पण किती घेणार ते घंगाळ बघून.